बासष्ट किलो

"मेस्त्री, उंदराने संसार थाटलाय हो इथे! आणि कशावर, बघा तरी!"

चिएमीने एअर फिल्टरच्या डब्यातून मूठभर कागदाचा भुगा उपसून काढला. तिच्याच पोस्टातली नववर्षाची शुभेच्छापत्रं. उरलेला गठ्ठा तिने नोव्हेंबरात गाडीच्या मागच्या कप्प्यात टाकला होता आणि साफ विसरली होती.

"माणसांची पत्रं चार दिवस उशिरा," होरिगोमे मेस्त्री स्टुलावरून म्हणाले, "आणि उंदरांना मात्र घरपोच! वा रे पोस्टमास्तरीणबाई!"

पोस्टमास्तरीण वगैरे काही नाही. छत्तीस वर्षं ती त्या डोंगराळ गावातल्या पोस्टात एकाच खिडकीमागे बसलेली. तिकिटं, पार्सलं, म्हाताऱ्यांची पासबुकं. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, कधी आवाज चढवला नाही. गावात तिची ओळख एकाच गोष्टीने: एप्रिलच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ही बाई बिनछपराची, दोन माणसांची, हिरवीगार चिमुकली गाडी उडवत फिरते. नऊशे चाळीस किलोची. गाव त्या गाडीला नाकतोडा म्हणतं. पाच महिने बर्फ, तेवढे दिवस नाकतोडा मेस्त्रींच्या गॅरेजात लोखंडी घोड्यांवर उचललेला, अंगावर जुनी गोधडी.

दर वसंतात मेस्त्री त्याला जागा करायचे आणि चिएमी शेजारी उभी राहून पाने पुरवायची. यंदा उलटं होतं. मेस्त्री स्टुलावर आणि चिएमी गाडीखाली. जानेवारीत त्यांच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. त्याआधीच शरद ऋतूत त्यांनी वय झालं म्हणून आपलं लायसन्स स्वतःहून पोलिसात परत दिलं होतं. महिनाअखेर गॅरेजला कुलूप लागणार होतं आणि मुलगी आयानो येऊन त्यांना नागोयाला घेऊन जाणार होती.

"यंदा मी बोटसुद्धा लावणार नाही," त्यांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. "पुढच्या वर्षी कोण असणार आहे लावायला?"

चिएमीने सुट्टी टाकली होती. उद्या शनिवार, उद्या सकाळी नऊला बर्फामुळे हिवाळाभर बंद असलेलं घाटाचं फाटक उघडणार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन पुरुष उंच बर्फाच्या भिंती, वर निळं आभाळ आणि पाच महिन्यांनी पहिलं वळण! आठवडाभर तिला धड झोप नव्हती. साठीला आलेली बाई, पण रोज कॅलेंडरवर दिवस खोडायची. त्यातून यंदा ती एकटी जाणार नव्हती. इस्पितळात भेटायला गेली तेव्हा मेस्त्री छताकडे बघत म्हणाले होते, "तीस वर्षं लोकांच्या गाड्या तयार करून त्या भिंतीत पाठवल्या. छपराशिवाय ती भिंत मी कधी बघितली नाही." बस्स, तेव्हाच तिने ठरवलं. मेस्त्रींना न्यायचंच, आणि गाडी अशी तयार करायची की त्यांना नाव ठेवायला जागा उरता कामा नये.

पण नाकतोड्यात दुसरी सीटच नव्हती. अकरा वर्षांपूर्वी मेस्त्रींनीच ती उपटून काढली होती. "तेरा किलो! उगाच कशाला वाहायची? तुझ्या शेजारी बसतं कोण?" हलकेपणाचं त्यांना वेडच होतं. रेडिओ काढला. गालिचे काढले. चिएमीचा चहाचा थर्मास त्यांनी एकदा भर रस्त्यात गाडी थांबवून खाली उतरवला होता. "सातशे ग्रॅम! अगं, पिऊन निघ ना!" ती सीट चिएमीच्या घरी माडीवर पडून होती आणि तिच्यावर मांजर झोपायची. परवा मांजरीला हुसकलं, केस झटकले, सीट परत आणली.

दुपारपर्यंत तिने ऑइल बदललं, ब्रेकचं जुनं काळपट ऑइल काढून नवं भरलं, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गंजलेले दोन बोल्ट दातओठ खाऊन सोडवले. बॅटरी जोडली, किल्ली फिरवली. नाकतोडा खोकला, गप्प बसला, परत खोकला आणि एकदम भडकून गुरगुरायला लागला.

"आला! आला हो!" चिएमीने टाळ्याच वाजवल्या.

"नाचू नको. उंची राहिलीय."

हे उंचीचं काम सगळ्यात नाजूक. इतक्या हलक्या गाडीत माणूस बसला की गाडी बसलेल्या बाजूला झुकते. म्हणून मेस्त्रींची पद्धत अशी की, माणसाच्या वजनाइतका तांदूळ सीटवर ठेवायचा, मग चारही स्प्रिंगा फिरवत फिरवत दोन्ही बाजू जमिनीपासून सारख्या करायच्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी विचारलं होतं, "वजन सांग." चिएमीने लाजेकाजेस्तव सहा किलो कमी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसली, मेस्त्रींनी पट्टी लावली आणि म्हणाले, "सहा किलो. बाई, माणसं खोटं बोलतात, स्प्रिंगा नाही." गावभर हसं होऊ नये म्हणून तिने त्यांना दोन आठवडे लोणचं पुरवलं होतं.

आज तिने ऐटीत विचारलं, "हं, आता तुमची पाळी. वजन?"

"बासष्ट," मेस्त्री चटकन म्हणाले. "कायमचं बासष्ट."

भावाच्या शेतातल्या तांदळाची तीस किलोची दोन पोती तिने डाव्या सीटवर चढवली, वर दोन किलोची पिशवी. उजवीकडे स्वतःच्या खऱ्या वजनाचा तांदूळ, एक ग्रॅमही न लपवता. मग तासभर पाना, पट्टी, पाना, पट्टी. संध्याकाळी सहाला चारही आकडे जुळले. मेस्त्रींनी वाकून पाहिलं, टोपी नीट केली. म्हणजे पसंत.

शनिवारी सकाळी सहाला मेस्त्री दारात उभे. इस्त्रीचा कोट, गळ्यात मफलर, चकचकीत बूट.

"पहिला नंबर लावायचाय," ते म्हणाले. "त्या दूधवाल्याची निळी गाडी दरवर्षी पुढे असते. आज त्याचं तोंड बघायचंय मला."

डावीकडचा तांदूळ उतरवून चिएमीने त्यांना हात देऊन सीटवर बसवलं; उजवीकडचा अजून तसाच होता. सवयीने ती पुढे जाऊन वाकली. आणि थबकली.

डावी बाजू वर होती.

तिने पट्टी लावली. गाडी दाबून सोडली, हिशेब करून पाहिला, परत मोजलं. चार मिलिमीटर.

"काय झालं?" मेस्त्रींनी विचारलं.

"काही नाही. डावी बाजू जरा..."

"मोजताना चुकली असशील."

ती चुकली नव्हती. काल तिने तीनदा मोजलं होतं. तिने मान वर करून पाहिलं. इस्त्रीच्या कोटाचे खांदे सरळ होते, पण आत माणूस कुठे होता? बासष्ट किलोचा कोट घालून अठ्ठेचाळीस किलोचे मेस्त्री बसले होते. महिनाभर ती रोज त्यांना बघत होती आणि तिला दिसलं नव्हतं.

मेस्त्री समोरच्या काचेकडे बघत होते. त्यांनाही कळलं होतं. स्प्रिंगा खोटं बोलत नाहीत, हे त्यांनीच शिकवलेलं.

"परत खोलायचं तर तास जाईल," ते हळूच म्हणाले. "पहिला नंबर गेला. तू एकटी जा, चिएमी. माझ्या जागी तांदूळ ठेव, गाडी सरळ धावेल."

"अजिबात नाही!"

इतक्या मोठ्यांदा ती छत्तीस वर्षांत बोलली नव्हती. तरातरा आत गेली. चहाने भरलेला थर्मास आणला आणि मेस्त्रींच्या मांडीवर ठेवला.

"हे काय?"

"सातशे ग्रॅम. चहाचे वेगळे."

मग भाताच्या गोळ्यांचा डबा. मग छत्री. मग हत्यारांची पेटी पायाशी. मग काल ओतलेल्या ऑइलचा उरलेला डबा.

"अगं, गाडी आहे का बैलगाडी!" मेस्त्री ओरडले, पण त्यांचा आवाज हसायला लागला होता. "ती छत्री तरी काढ! कुठे पाऊस आहे?"

"गप्प बसा. तांदूळ राहिलाय."

दोन किलोची पिशवी तिने त्यांच्या बुटांखाली सरकवली आणि धावत जाऊन पट्टी लावली. अजून एक मिलिमीटर. आणखी दोन पिशव्या. शून्य!

"जमलं!" ती आनंदाने ओरडली. "आता झालात बासष्ट!"

उजवीकडचा तांदूळ उतरवून ती स्वतः बसली आणि गाडी निघाली. फाटकाशी त्यांचा नंबर चौथा लागला. दूधवाला पहिला होता. त्याने मागे वळून थर्मास, डबा, छत्री आणि त्यामागून डोकावणारे मेस्त्री पाहिले, आणि टोपी काढून वाकला. मेस्त्रींनी राजासारखी मान हलवली.

नऊला फाटक उघडलं. नाकतोडा सुसाट निघाला. दोन्हीकडे पांढऱ्या भिंती, त्यांतून येणारा गार वारा, डोक्यावर निळ्या आभाळाची पट्टी. मेस्त्री तोंड वर करून बघत राहिले. वाऱ्याने मफलर उडत होता. "हाय रे देवा," एवढंच ते दोनदा म्हणाले.

सरळ रस्ता लागला तसं ते एकदम म्हणाले, "हात सोड."

"आत्ता?"

"सोड म्हणतो ना."

तिने वेग उतरवला आणि स्टिअरिंगवरून दोन्ही हात उचलले. एक. दोन. तीन. गाडी डावीकडे गेली नाही, उजवीकडे गेली नाही. बर्फाच्या भिंतींच्या बरोबर मधोमध सरळ धावत राहिली.

"धर आता," मेस्त्री म्हणाले. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "माझ्या हातूनही इतकी सरळ कधी लागली नव्हती."

चिएमीला समोरचं धूसर दिसायला लागलं. तिने बाहीने डोळे पुसले.

"मी नागोयाला गेलो की ही सीट काढून टाक," ते म्हणाले. "तेरा किलो आहे."

"नाही काढणार."

"अगं, गाडी जड होईल."

"होऊ दे," चिएमी म्हणाली, आणि पुढच्या वळणासाठी तिने गिअर खाली घेतला.