बाभळीवरची पडशी

समुद्रकाठच्या नव्या हॉटेलात मी उशांचे अभ्रे द्यायला गेले होते. मागणी त्यांचीच होती. आमच्या बायकांच्या हातचं काहीतरी खाटेवर पडलेलं असलं की पाहुण्यांना वाळवंटात आल्यासारखं वाटतं म्हणे. आत गेले तर भिंतभर जुने फोटो लावलेले, काळेपांढरे, मोठाल्या चौकटींत. वर अरबीत एक ओळ होती. मी अक्षरं शिकले ती नातीच्या वयाच्या मास्तरणीकडे, त्यामुळे बोट फिरवत वाचावं लागतं. वाचलं: ‘सिनाई, जेव्हा इथे काहीच नव्हतं.’

काहीच नव्हतं. पहिल्याच फोटोत आमची विहीर होती. दुसऱ्यात माझ्या बापाची खजुराची झाडं, जी तोडून यांनी पोहायचा हौद केला. तिसऱ्यात माझ्या सासऱ्यांचा उंट. त्या उंटालासुद्धा नाव होतं.

चौथ्यात माझा नवरा होता. सुवैलिम, विशीतला, उंटाची दोरी धरून वाळलेल्या ओढ्यातल्या मोठ्या बाभळीखाली उभा. मागे फांदीवर टोळीप्रमुख हुवैशिलच्या घरचं सामान टांगलेलं: तंबूचं कापड, जातं बांधलेलं गाठोडं आणि गोंडे लावलेली पडशी. उन्हाळ्यात डोंगरावर जाताना आम्ही जड सामान असंच झाडावर ठेवून जातो. भुकेला वाटसरू त्यातले खजूर खाईल आणि नंतर सांगेल. वस्तूला मात्र कुणी हात लावत नाही.

पाचवा फोटो समुद्रकाठचा होता. जीप उभी, वाळूत तीन गोरी माणसं, अर्ध्या चड्डीतली. एकजण पाय पसरून झोपलेला आणि त्याच्या डोक्याखाली तीच पडशी. हुवैशिलच्या उंटांवर डागायची खूण, एक काठी आणि दोन ठिपके, तिच्यावर विणलेली. अगदी समोर, आंधळ्यालाही दिसावी अशी.

मी तिथेच फरशीवर बसले.

त्या पडशीपायी माझा नवरा जन्मभर चोर ठरला होता. ती हुवैशिलनं थोरल्या मुलीच्या, हमदाच्या लग्नासाठी विणून घेतली होती. डोंगरावरून परत आले तर बाकी सगळं जागेवर, पडशी तेवढी नाही. झाडाखाली एकाच उंटाचा माग होता, सुवैलिमच्या. तो या गोऱ्यांना वाट दाखवत गेला होता आणि खिंडीपाशी त्यांना सोडून एकटाच परतला होता. ती माणसं मागे फिरली असतील, जीप खडकावरून आली असेल, असं कुणाच्या मनातच आलं नाही. ती हुवैशिलच्या तंबूत जेवली होती ना. खाल्ल्या मिठाला माणूस जागतो, हे आम्ही इतकं धरून चालतो की पाहुण्याचा माग शोधणं म्हणजे आपल्याच मिठाचा अपमान. सुवैलिमनंही तेच म्हटलं. ‘माझ्याबरोबरच्या पाहुण्यांची चौकशी नको. माझी करा.’

केली. लोखंडी पळी लाल होईतो तापवतात आणि तिला जीभ लावायची. खऱ्याची जीभ ओली राहते, खोट्याची भाजते. त्या दिवशी त्याला ताप होता, तोंड कोरडं पडलं होतं. मी म्हटलं, दोन दिवस थांबा. नव्या सुनेचं कोण ऐकतं? जिभेवर फोड आला आणि निवाडा झाला. तेव्हापासून त्याची शपथ चालत नाही. बागांच्या हद्दी ठरल्या तेव्हा त्याची साक्ष घेतली नाही. सोयरीक जुळवताना आमच्या मुलांना आधी विचारलं जायचं, बाप कोण, तो झाडाचा चोर का?

“आजी, बरं वाटत नाही का? पाणी आणू?” हॉटेलचा व्यवस्थापक हातिम आला होता. कैरोचा मुलगा, इस्त्रीचा सदरा.

“हा फोटो मला दे.”

“आवडला ना? सगळ्यांना हाच आवडतो. किती निवांत झोपलाय.”

“चोर आहे तो.”

“कोण?”

“निवांत झोपलाय तो. डोक्याखाली चोरीचा माल आहे.”

त्यानं वाकून पाहिलं. “पिशवी आहे, आजी. कुणी झाडावर टाकून दिली असेल, त्यांनी उचलली.”

“टाकली नव्हती, ठेवली होती. तुझी गाडी बाहेर उन्हात उभी आहे, ती काय तू टाकून दिलीस?”

तो इकडेतिकडे बघायला लागला, पाहुणे ऐकत होते. मी वरच्या ओळीकडे बोट केलं. “आणि हे कुणी लिहिलं? काहीच नव्हतं, तर यांना भाकरी कुणी भाजून घातली?”

“ते शोभेसाठी असतं हो. कवितेसारखं.” त्यानं शेजारच्या मांडणीतून दोन कार्डं काढली. त्याच फोटोंची कार्डं करून विकायला ठेवली होती त्यांनी. “घ्या. आमच्याकडून भेट. अभ्रे इथेच ठेवा.”

माझ्या नवऱ्याची अब्रू मलाच भेट म्हणून देत होता. मी कार्डं घेतली आणि अभ्रेही उचलून परत आणले.

सुवैलिम घरामागे शेळ्यांपाशी बसला होता. मी दोन्ही कार्डं त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली.

“हा मी,” तो म्हणाला. “काय केस होते बघ.”

“केस राहू द्या. दुसरं बघा.”

दुसरं तो बराच वेळ बघत राहिला. मग उलटं करून ठेवलं. “ठेवून दे, औदाच्या आई.”

“ठेवून देऊ? आज मुतलककडे जाते मी.” मुतलक हा हुवैशिलचा मुलगा. म्हातारा गेल्यापासून टोळीत त्याचाच शब्द चालतो.

“ते पाहुणे होते. माझ्या भरवशावर आले होते. आता मी म्हणू, माझे पाहुणे चोर होते?”

“मग मी जन्मभर ऐकलं ते काय? चोराची बायको पाण्याला आली, भांडी सांभाळा. तुमच्या पाहुण्यांना कुणी असं म्हटलं का?”

“तुझी जीभ भाजली नाही ना, म्हणून एवढी चालते.”

“तुमची भाजली म्हणून माझी चालवते,” मी म्हटलं आणि निघाले.

मुतलक बैठकीत कॉफी कुटत होता. दोन-तीन पुरुष बसलेले. मला बघून त्यानं गादी सरकवली. “ये काकू. काय काम काढलंस?”

मी कार्ड त्याच्या हातात दिलं. खूण बघताच त्याचा हात थांबला. पण तोंड लगेच सावरलं. “हल्ली फोनवर काय वाट्टेल ते चित्र बनवतात, काकू.”

“तेव्हा तुझ्या बापाकडे घड्याळ नव्हतं, फोन कुठला?”

एकजण हसला आणि मुतलकनं बघितल्यावर गप्प बसला.

“पळीनं निवाडा दिला होता,” तो म्हणाला. “मेलेल्या बापाचा निवाडा मी फिरवू का?”

“पळी तापलेली होती आणि माणूसही तापलेला होता. हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं.”

आत बायकांच्या बाजूला पडद्यामागे हमदा होती. वैधव्य आल्यापासून ती भावाकडेच असते. तिनं हाक मारली, “मुतलक, ते इकडे दे.”

“तुला कशाला?”

“माझ्या लग्नाचं आहे, म्हणून.”

पडद्याखालून हात आला. त्यानं कार्ड दिलं. ती बोलली, रडत नव्हती, दात आवळून बोलत होती. “उजव्या अंगाला गोंडे कमी आहेत. आई म्हणाली होती, लोकर संपली, कुणाला कळणार नाही. माझीच आहे. सासरी गेले ती उसनी पडशी घेऊन, आणि माझ्या पडशीवर हा मेला डोकं टेकून झोपलाय.”

आता मुतलक उठला. रागानं लाल झाला. “आपल्या खुणेवर परका लोळतो आणि ते भिंतीवर लावतात? उद्या दहा माणसं घेऊन हॉटेलवर जातो. चौकट फोडतो.”

बाकीचेही उठले. सगळ्यांना एकदम मोठं बळ आलं.

“बस खाली,” मी म्हटलं. “हॉटेलवर ओरडणं सोपं आहे. आधी ज्याचं तोंड तुमच्या घरानं काळं केलं त्याचं पांढरं करा. रीत आहे तशी काठीला पांढरं कापड बांध आणि चूक कबूल करत दारोदार जा. मग काय फोडायचं ते फोड.”

“बापाचं नाव खाली जाईल, काकू.”

“माझ्या नवऱ्याचं गेलं तेव्हा कुठे होतं तुमचं नाव? वर टांगलेलं होतं का, बाभळीवर?”

पडद्यामागून हमदा म्हणाली, “कापड नसेल तर माझी ओढणी देते.”

शेवटी कापड त्याच्या घरातलंच निघालं. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर मुतलक काठी उंच धरून निघाला. मागे माणसं, त्यांच्या मागे आम्ही बायका. प्रत्येक दाराशी थांबून तो म्हणायचा, “आमच्या घरानं चूक केली. सुवैलिमचं तोंड पांढरं आहे. त्याची शपथ चालते.” पहिल्या दोन दारांशी आवाज घशातच राहिला. हमदा मागून म्हणाली, “मोठ्यानं.” मग मोठ्यानं म्हणाला.

आमच्या दारात सुवैलिम उभा होता, धुतलेला डगला घालून. मुतलकनं त्याच्या खांद्याचं चुंबन घेतलं. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी विचारलं, “मग चोर कोण होता?”

मुतलकनं सुवैलिमकडे पाहिलं.

“ते विचारू नका,” सुवैलिम म्हणाला. “पाहुण्याचं नाव आम्ही घेत नाही.”

माना हलल्या. वा, याला म्हणतात माणूस, असं कुणी पुटपुटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हीच तारीफ त्याला खाऊन गेली होती, आणि आता सगळे तीच पुन्हा त्याला पाजत होते. उद्या लोक म्हणतील, चोर सापडलाच नाही, काय ठाऊक, हाच असेल.

“मी घेते,” मी म्हटलं. बायकांमधून पुढे आले, कार्ड वर धरलं. “हे तिघे. आपल्याकडे जेवले, आपली वाट विचारली आणि आपल्या झाडावरचं उचलून नेलं. नावं मला येत नाहीत, त्यांनाही आपली येत नव्हती. पण तोंडं बघून घ्या.”

कार्ड हातोहात फिरलं. बायांनी आधी पाहिलं, मग पुरुषांनी. एक म्हातारा थुंकला. मुतलकच्या हातातली काठी अजून तशीच उंच होती.

सुवैलिम माझ्याशी चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी शेजारच्या दोघा भावांचा हद्दीवरून वाद निघाला आणि साक्षीसाठी त्याला बोलावणं आलं. डगला शोधताना त्याला मला हाक मारावीच लागली.