तारण राहिलेली पाणसळ

मित्रांनो, जमीन सपाट आहे की नाही हे सांगणं एवढंच माझं काम. मी पाणसळ. दोन फुटी पट्टी, तिच्या पोटात काचेची नळी, नळीत हिरवट पाणी आणि त्या पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध थांबला तर काम सरळ. सरकला तर मिस्त्रीने पुन्हा करायचं. एवढ्याशा शिक्षणावर मी भल्या भल्या शहाण्यांना खाली मान घालायला लावली आहे. आता मी जुनी झाले, एक कोपरा चेपला. पण बुडबुडा अजून खोटं बोलायला शिकलेला नाही.

माझे पहिले मालक भिसेगावचे गोमा मिस्त्री. कर्जतच्या बाजारात त्यांनी चार पाणसळी काढायला लावल्या आणि चारही दुकानाच्या टेबलावर ठेवून पाहिल्या. चौघींचे बुडबुडे एकाच बाजूला पळाले. "पाणसळी चांगल्या हायत," गोमा मिस्त्री दुकानदाराला म्हणाले, "टेबल तेवढं सरळ कर." माझ्या आयुष्यातला हा पहिला निकाल. रोज काम सुटलं की ते पंच्याने आधी मला पुसत आणि मगच स्वतःचे हात धूत. घरमालक लादीचं कौतुक करू लागला की म्हणत, "मला काय सांगतोस रं? हिला सांग."

गोमा मिस्त्री गेले आणि त्यांचा मुलगा विलास ठेकेदार झाला. त्याने भिंतीवर लाल रेघ पाडणारं लेझरचं यंत्र घेतलं आणि मला गोणपाटात कोंबलं. माझ्या अंगावर सिमेंटची खपली धरली. मला वाटलं, संपलं आपलं. पण विलासने मला नवी नोकरी दिली, तीही बसून खायची.

मित्रांनो, विलासची पद्धत ऐका. गणपतीच्या आधीच्या महिन्यात प्रत्येकाला घरात लादी हवी असते. विलास एकदम सात-आठ घरं धरायचा. पहिल्या दिवशी प्रत्येक घरातला जुना कोबा फोडून ठेवायचा, कारण जमीन उखडलेलं घर दुसऱ्या मिस्त्रीकडे पळून जात नाही. मग चार-पाच लाद्या बसवायच्या आणि माझ्यासारखं एखादं हत्यार कोपऱ्यात टेकवून म्हणायचं, "माझी पाणसळ तुमच्या घरात हाय, म्हंजे मी आलोच समजा!" आणि गडी जो जायचा तो जायचाच. लोक मला बघून धीर धरायचे. वर्षभरात मी अकरा उखडलेल्या घरांत तारण राहिले.

बारावं घर कडावच्या आवडीचं.

आवडीचा नवरा खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर, त्यामुळे घर आणि म्हशी तिच्याच अंगावर. सासरचा गणपती दरवर्षी थोरल्या जावेकडे, बायजाकडे बसायचा. दर वेळी बायजा म्हणायची, "तुझ्याकडं बसवला असता गं, पण तुझ्या त्या फुटक्या कोब्यावर माणसं बसवायची कुठं?" नऊ वर्षं ऐकून घेतल्यावर आवडीने यंदा सगळ्या भावकीसमोर सांगितलं, "या वर्षी गणपती माझ्याकडं."

त्यासाठी तिने तीन मिस्त्री पाहिले. पहिल्याने पावलांनी खोली मोजली. दुसरा चहा पिऊन गेला. तिसरा आला विलास; त्याने भिंतीवर लाल रेघ पाडली आणि ती बघायला अख्खी आळी गोळा झाली. काम विलासला मिळालं. त्याने आधी केलेली एक तरी लादी बघावी, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. रेघ फारच लाल होती.

विलासने खोली फोडली, देवाच्या कोपऱ्यात पाच लाद्या बसवल्या, मला टेकवलं आणि गेला. सहा दिवस झाले. गणपतीला उरले आठ. फोन केला की विलास म्हणायचा, "उद्या येतो, वयनी." बायजा रोज दाराशी यायची, आत पाऊल न टाकता.

"आवडे, मूर्ती काय पाळण्यात ठेवनार हायस? अजून सांग, माझी खोली मोकळी हाय."

"पाणसळ ठेवून गेलाय, जाऊबाय. येईल."

त्या दुपारी आवडीने मला उचललं, पदराने पुसलं आणि त्या पाच लाद्यांवर ठेवलं. माझा इलाज नव्हता, बुडबुडा सरकला. मखर ठेवलं असतं तर मूर्ती बायजाच्या घराकडे झुकली असती.

संध्याकाळी दूध डेअरीवर घालताना आवडीने ही कथा सांगितली, तर रांगेतली रोहिणी म्हणाली, "माझ्याकडं त्याची थापी हाय."

"आनी माझ्याकडं रबरी हातोडा," तिच्यामागची गोदा म्हणाली. "त्याला रोज हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी हाय माझं."

आवडीने कॅन खाली ठेवली. "पाणसळ, थापी, हातोडा समदं आपल्याकडं. मग तो तिकडं काम करतोय कशानं गं?"

गोदाच्या भावाने दुसऱ्या दिवशी खबर आणली: विलास कळंबच्या एका फार्महाऊसवर लाद्या कापत होता. आवडी मला पिशवीत घालून टेम्पोने तिथे पोचली. विलास झाडाखाली डबा खात होता. कामाच्या जागी लादी कापायचा कटर पडला होता, चकचकीत पुसलेला. तिने वायर गुंडाळली, कटर पिशवीत घातला आणि त्याच्या जागी मला ठेवलं.

हात धुऊन आलेल्या विलासने मला पाहिलं, ओळखलं आणि एक शिवी दिली. मग फोन लावला.

"वयनी, माझा कटर?"

"माझ्याकडं हाय. तुमची पाणसळ ठेवलीय की तुमच्याकडं! म्हंजे मी आलेच समजा."

"अवो, इथला मालक डोक्यावर उभा हाय!"

"माझ्याकडं गणपती येतोय, मिस्त्री. तो डोक्यावर आला तर काय करू?"

विलासने तीन मिस्त्र्यांना कटर मागितला. ते तिघेही असेच सात-आठ घरं धरून बसले होते, त्यांचा कटर मोकळा कुठला? नवा घ्यायचा, तर विलासचा हात खिशाकडे वळेना. तिन्हीसांजेला तो मला मोटारसायकलला बांधून कडावला हजर झाला.

आवडीने कटर दिला, पण दाराला आतून कडी घातली. "आधी त्या पाच लाद्या काढा. तुमच्या वडलांच्या पाणसळीला त्या पटल्या नायत."

विलासने लेझर काढलं, बॅटरी उतरलेली. मग मला उचललं, खपली खरवडली आणि वडलांसारखं गुडघ्यावर बसून लादी लावू लागला. चार दिवस रोज संध्याकाळी कटर आवडीच्या कपाटात जायचा. त्यानंतर थापीच्या आणि हातोड्याच्या घरीही काम झालं, कारण कपाटाची किल्ली तोवर आवडीकडेच होती.

गणपतीच्या दिवशी बायजा आली. पायाने लादी चाचपली, वाकून बघितली, मखराकडे डोळा बारीक केला. बराच वेळ तिला काही सापडेना.

"गुळगुळीत हाय गं," शेवटी ती म्हणाली. "पडशील कधीतरी."

आवडी हसली आणि जाऊबाईला मखरासमोरच पाट दिला.

मी आता आवडीकडेच असते. मिस्त्री ठरवायच्या आधी कडावच्या बाया मला घेऊन त्याने आधी लादी बसवलेल्या घरी जातात. मित्रांनो, तुम्हीही रेघ किती लाल आहे ते पाहू नका, लादी बघा. आणि कुणी खूण म्हणून वस्तू ठेवून गेला, तर ती नसल्याने त्याचं काही अडतं का, तेही बघा. मला नेलंत तर पुसून परत करा. तेवढ्यावर मी अजून वीस वर्षं खरं बोलेन.

परवा विलासच दारात आला होता. लेझर बिघडलं होतं म्हणे. "वयनी, बाबांची पाणसळ एक दिवस द्या की. उद्या आणून देतो."

"न्या की," आवडी म्हणाली. "कटर ठेवून जा."