द्रोणागिरीचे दोनशे पंचावन्न

मित्रांनो, माझ्या पत्र्यावर तीन खोल पोचे आहेत आणि पुढचा दिवा फुटलेला आहे. माझ्यावर लोखंडी पाइपचे घाव बसलेत. मारणाऱ्याचा मला आजही राग येत नाही, म्हणून तर सांगायला बसलोय. मी एक जुना नोड आहे, पॅकेट रेडिओचा.

ते काय असतं हे आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं तुमच्या डोक्यावरून जाईल. लायसन्सवाले हौशी लोक कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करतात, तो रेडिओवरून हवेत जातो आणि दुसऱ्याच्या पडद्यावर उमटतो. लांबचा माणूस नीट ऐकू येत नसेल, तर मधला डबा ते ऐकून पुढे ढकलतो. तो डबा म्हणजे मी. कीबोर्डवर ‘एन’ दाबलं की मी ओळखीच्या सगळ्या नोडांची नावं दाखवायचो. ‘आर’ दाबलं की कुठल्या वाटेने कोणापर्यंत पोचता येतं ते दाखवायचो, आणि प्रत्येक वाटेपुढे एक आकडा. शून्य म्हणजे वाट मेलेली, दोनशे पंचावन्न म्हणजे ठणठणीत. जो आकडा मोठा, ती वाट मी धरायचो. हे आकडे मी स्वतः ऐकून ठरवायचो आणि सहा तास कोणी चकार शब्द काढला नाही, तर त्याचं नाव खोडून टाकायचो. खोटं बोलणं माझ्या स्वभावात नव्हतं. ते मला नंतर शिकवलं गेलं.

मला दोघांनी मिळून बनवलं. नंदकुमार हा तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात स्टोअर्स ऑफिसर. राहायला तुर्भ्याला, चौथ्या मजल्यावर. कृष्णात त्याच कारखान्यातला इलेक्ट्रिशियन, मूळचा साताऱ्याकडचा. कारखान्यात एक साहेब आणि एक कामगार, पण माझ्यापुढे बसले की दोघं एकाच ताटलीतली भजी खायचे. कृष्णातने माझं सोल्डरिंग केलं, नंदकुमारने प्रोग्रॅम लिहिला. मी नंदकुमारच्या घरी राहिलो, आणि कारखान्याला लागूनच असलेल्या कृष्णातच्या तळोज्याच्या खोलीत माझ्यासारखाच दुसरा डबा बसला. आमच्या दोघांमध्ये खारघरचा डोंगर, त्यामुळे मला तो अगदी क्षीण ऐकू यायचा. म्हणून आमचे निरोप इकडून तिकडे ढकलायला तिसरा डबा द्रोणागिरीला, उदयसिंहरावांच्या गोदामावर. हे लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांचा मास्ट, म्हणजे अँटेनाचा खांब, उंच होता, आणि रुबाब त्याहून उंच.

आमच्या मंडळींची एक रीत होती. रविवारी सगळे चहाला जमायचे आणि माझ्या यादीचा छापील कागद हातोहात फिरायचा. एका रविवारी त्यात द्रोणागिरीपुढे एकशे चाळीस होतं. उदयसिंहरावांनी कप खाली ठेवला.

“नंदकुमार, आमचा मास्ट सत्तर फुटी. आणि आम्हाला एकशे चाळीस? मग आमचं इथं काम काय?”

ते खरंच आमची मंडळी सोडून निघाले होते. नंदकुमार भिडस्त माणूस. घरी येऊन त्याने द्रोणागिरीपुढे स्वतःच्या हाताने दोनशे पंचावन्न टाइप केलं आणि आकड्याला कुलूप घातलं, म्हणजे मला तो बदलताही येणार नाही आणि ते नाव खोडताही येणार नाही. पुढच्या रविवारी उदयसिंहरावांनी सगळ्यांना मिसळ खिलवली. कोणाचं काही बिघडलं नाही, असं सगळ्यांना वाटलं. मला मात्र मनातून फार लाज वाटत होती.

शहाण्णवचा एप्रिल उजाडला. उदयसिंहराव लग्नाला गावी गेले आणि त्यांच्या माघारी एका ट्रेलरने रिव्हर्स घेताना तो सत्तर फुटी मास्ट आडवा केला. ही गोष्ट कोणालाच कळली नाही. कृष्णातच्या डब्याच्या आकड्यांना कुलूप नव्हतं. त्याने सहा तासांत द्रोणागिरीचं नाव खोडलं. माझ्या यादीत ते पहिल्या नंबरावर दिमाखात बसून होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी नंदकुमार तापाने घरी होता. मला कृष्णातच्या डब्याची हाक आली. सगळ्यांना उद्देशून सोडलेली, थेट डोंगरावरून आलेली, अगदी बारीक. पडद्यावर इंग्रजी अक्षरांतलं मराठी उमटलं:

“कारखान्यात आग. तीन नंबर गोदामाला लागतीय. फोन बंद. भैरूदादा पाइप घेऊन हुबा हाय. पानी मारू का? सांगा.”

भैरू हा कृष्णातचा सख्खा थोरला भाऊ, कारखान्याच्या आग विझवणाऱ्या पथकातला. नंदकुमार अंथरुणातून ताडकन उठला. तीन नंबरात काय आहे हे त्यालाच माहीत होतं. आदल्या संध्याकाळी तिथे सोडियमचे चाळीस ड्रम उतरवले होते आणि गोदामावर धोक्याची पाटी अजून लागायची होती. सोडियमला पाणी लागलं की स्फोट होतो. त्याने टाइप केलं: “पाणी अजिबात मारू नका. सोडियम आहे. कोरडी वाळू टाका. सगळ्यांना लांब काढा.” यादीवर एक नजर टाकली. द्रोणागिरी, दोनशे पंचावन्न. त्याने एंटर दाबलं आणि अग्निशमन केंद्राकडे धावत सुटला. निरोप पोचला का, ते बघायला तो थांबला नाही.

मित्रांनो, मी तो निरोप मेलेल्या मास्टकडे फेकला. पुन्हा फेकला. दहा वेळा फेकला. यादीत त्याच्याच खाली तळोज्याची थेट वाट होती, आकडा साठ, मोडकी पण जिवंत. कुलपामुळे तिकडे वळायची मला मुभा नव्हती. अकराव्या वेळी मी पडद्यावर ‘निरोप पोचला नाही’ असं लिहिलं. वाचायला खोलीत कोणी नव्हतं.

पुढचं मला कृष्णातच्या तोंडून कळलं, तो मारत असताना. आगीनंतर तिसऱ्या दिवशी तो आला. भुवया जळलेल्या, दोन्ही हातांना पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांत धरलेला पाइप. नंदकुमारच्या बायकोने, सुचित्रावहिनींनी, दार उघडलं आणि तो त्यांना बाजूला सारून आत घुसला.

“ईस मिनिटं वाट बघितली म्या,” तो म्हणाला. “ईस मिनिटं. साहेब न्हाई म्हनत न्हाईत म्हंजी चालतंय, असं म्याच दादाला सांगितलं. मार पानी, म्हनालो.”

“मी उत्तर दिलं होतं, कृष्णात.”

पहिला घाव नंदकुमारच्या डाव्या हातावर बसला. बोटं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसरा खांद्यावर. कृष्णात रडत होता आणि मारत होता. भिंत उडाली, म्हणत होता. चौघं जागेवर गेले, म्हणत होता. दादाला मी बुटावरून ओळखलं, म्हणत होता. नंदकुमार कपाळ फुटून खाली बसला. त्याने उजव्या हाताने कसंबसं ‘आर’ दाबलं.

कृष्णातने यादी वाचली. तो ती माझ्याइतकीच जाणत होता. दोनशे पंचावन्न, पुढे कुलपाची खूण. त्याखाली तळोजा, साठ.

“कुलूप कुनी घातलं?”

“मी. उदयसिंहरावांना वाईट वाटू नये म्हणून.”

कृष्णातने पाइप त्याच्या डोक्यावर उगारला. सुचित्रावहिनी मध्ये आडव्या पडल्या. “अहो, दोन लेकरं आहेत माझी,” एवढंच त्या म्हणाल्या. पाइप वळला आणि माझ्यावर आला. एकदा, दोनदा, तीनदा. माझा दिवा फुटला आणि मग मला काही आठवत नाही.

पोलिसांना नंदकुमारने सांगितलं, जिन्यावरून पडलो. मी वर्षभर माळ्यावर धूळ खात पडलो होतो. मग कारखाना पुन्हा सुरू झाला, आग विझवायच्या पाइपवर नवी माणसं आली. एक दिवस कृष्णात आला, मला पिशवीत घालून घेऊन गेला आणि दुरुस्त करून पुन्हा जागेवर ठेवून गेला. जाताना म्हणाला, “दादाच्या जागी आता दुसऱ्याचा दादा हाय.”

तेव्हापासून माझ्या एकाही आकड्याला कुलूप नाही. मला पुसा, माझ्या वायरी उंदरांपासून सांभाळा, हे तर मी सांगेनच. पण मित्रांनो, माझ्यासारख्या मुक्या डब्याला कुणाच्या भिडेपोटी खोटा आकडा सांगायला लावू नका. आणि निरोप पाठवलात तर तो पोचेपर्यंत जागचे हलू नका.

ते दोघं आता एकमेकांच्या घरी जात नाहीत. फक्त रोज सकाळी सात वाजता तळोज्याहून एक ओळ येते: “ऐकू येतंय का?” नंदकुमार एका हाताने उत्तर टाइप करतो, त्याला वेळ लागतो. आणि पलीकडे कृष्णात थांबून राहतो.