पद्मीची तिन्हीसांज

कसबा बावड्यात बापूसो पाटलांच्या घरी सूर्य टेकायच्या आत जेवणं उरकत. जैनाचं घर. दिवस मावळला की तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि ज्योतीवर पाखरू जळून मरेल म्हणून दिवाही बेतानंच लागायचा. अशा घरात एखादीला अंधारात दिसेनासं झालं तर कळणार कुणाला? सगळेच चाचपडत अंथरुणाकडे जात. त्यामुळे सून प्रभावती तिन्हीसांजेपासून आंधळी असते, हे श्रावण लागला तरी तिच्या नवऱ्याला, अण्णासोलासुद्धा, ठाऊक नव्हतं.

तिनं सांगितलंच नव्हतं. सांगायचं कशाला? दुसऱ्या कुणाला अंधार दिसत असेल, तिला पांढरं दिसायचं. ऊन भिंतीवरून खाली उतरलं की अंगणाच्या कडा विरघळायला लागत. गोठा जाई, चिंच जाई, मग स्वतःचे हात जात, आणि निरशा दुधासारखं काहीतरी सगळीकडे भरून राही. त्या पांढऱ्यातून पद्मी यायची.

पद्मी तिची लेक. गेल्या साली तापाची साथ आली, तिनं घरोघर माणसं नेली, त्यात पद्मीही गेली. पण तिन्हीसांजेला ती अंगणात असायची. बोलायची नाही. पायरीवर बसून पाय हलवायची, मध्येच उठून गरागरा फिरायची, घेरी येऊन पडायची आणि हसायची. हसण्याचा आवाज तेवढा यायचा नाही. प्रभावती उंबऱ्यात बसून बघत राहायची. पोटात नवं पोर वाढत होतं, पण जीव सगळा त्या पायरीवर. शेजारणी म्हणत, सुनेनं दुःख बरं गिळलं. गिळलं कसलं, रोज संध्याकाळी पुढ्यात मांडून बसत होती.

ह्या सुखात बिब्बा घालायला डॉक्टर अमीन आला. कोल्हापुरातल्या अत्तरवाल्याचा हा मुलगा. महाराजांच्या राज्यात बोर्डिंगात राहून शिकला, मुंबईला डॉक्टर झाला आणि थेट थोरल्या लढाईवर बसऱ्याला गेला. तिथं शत्रूच्या वेढ्यात उपाशी अडकून, आजारी म्हणून सुटून आलेले आपले शिपाई त्यानं पाहिले. धर्माला चालत नाही म्हणून घोड्याचं मांस नाकारलेले, हिरड्या सुजलेले, दिवस मावळला की एकमेकांचा खांदा धरून चालणारे. त्यांच्या अन्नातलंच काहीतरी उणं होतं. ते काय, हा भुंगा तेव्हापासून त्याच्या डोक्यात. माशाच्या काळजाचं तेल पाजलं की रातांधळेपणा जातो, हे त्याला माहीत होतं. पण ती बाटली घेऊन जैनाच्या दारात उभं राहायचं म्हणजे आल्या पावली परतायचं.

इथं चातुर्मासात बायका हिरवा पाला सोडतात. गाजरं तर बाराही महिने वर्ज्य. त्यात आदल्या साली पावसानं दगा दिलेला, म्हशी आटलेल्या. डॉक्टरनं दोनात दोन मिळवले आणि बहिणीला, मेहमुदाला, बरोबर घेऊन तो बापूसोंच्या सोप्यावर हजर झाला.

मेहमुदानं आत बायकांत बसून विचारलं, "तिन्हीसांजेला कुणाला अडखळाय हुतंय काय?"

आधी सगळ्यांनी पदर सावरले. मग प्रभावतीची नणंद सुरेखा म्हणाली, "मला हुतंय. आन वैनी तर भिंत चाचपत चालत्यात."

मग एकेकीचं तोंड उघडलं. शेजारणी बोलल्या, खुद्द सासूही बोलली. सासूला सगळं गाव आक्का म्हणे. गंमत अशी, की हे आपल्या एकटीचंच पाप असं प्रत्येकीला वाटत होतं.

डॉक्टरनं पुड्या आणल्या. निम्म्यांना लाल दोऱ्याच्या, निम्म्यांना पांढऱ्या. एकीत शेवग्याचा पाला, आषाढाआधीच तोडून सावलीत वाळवून कुटलेला. दुसरीत नुसतं डाळीचं पीठ. वाळलेला पाला व्रताला चालतो, असं बस्तीतल्या, म्हणजे जैन देवळातल्या, उपाध्यांनी मान हलवून सांगितलं होतं. पण कुठल्या दोऱ्यात काय, हे डॉक्टर सांगेना.

"निम्म्यांस्नी पीठ कशापायी?" बापूसोंनी विचारलं.

"बरं वाटलं ते पाल्यानं, का नुसत्या भरवशानं, हे कळाय नको? एकदा कळलं की सगळ्यांना पालाच देतो."

पुडी रात्री झोपताना घ्यायची, एवढं बजावून तो गेला.

भाद्रपदात तो परत आला. भरदिवसा सोप्याची दारं लावून अंधार केला, काचेच्या कंदिलाची वात अगदी बारीक ठेवली आणि ती हळूहळू चढवत एकेकीला विचारू लागला. लाल दोरा काय नि पांढरा दोरा काय, कुणालाच लवकर दिसेना. डॉक्टरचा चेहरा उतरला. शेवटी बापूसोंना राहवेना.

"डॉक्टरसाब, झोपताना आमच्या बायका काय खातील? रातीचं पानी सुदिक पीत न्हाईत. पुड्या फळीवर हायत की समद्या."

"मग मला सांगितलं का नाही?"

"येवढ्या मायेनं दिल्यासा. न्हाय कसं म्हणायचं?"

भांडणात बावडेकर शिवी हातची राखत नाही, पण घरी आलेल्या पावण्याला नाही म्हणायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. डॉक्टरनं कपाळाला हात लावला आणि मग स्वतःलाच हसला. दुसऱ्या दिवसापासून पुडी न्याहारीबरोबर, बोटभर तुपात कालवून.

प्रभावतीच्या पुडीला लाल दोरा होता. चव कडसर, गवतासारखी. थोड्याच दिवसांत तिन्हीसांजेचं ते पांढरं पातळ व्हायला लागलं. गोठ्याची कड टिकून राहू लागली. पद्मी यायची, पण तिच्या आरपार पायरीचा दगड दिसायचा. एके संध्याकाळी गरागरा फिरता फिरता ती मध्येच विरली आणि पुन्हा उठून आली नाही. दुसऱ्या सकाळपासून प्रभावतीची पुडी म्हशीच्या आंबोणात जाऊ लागली. म्हशीला रात्री काय काय दिसायला लागलं ते म्हैसच जाणे, पण पद्मी परत आली.

घरात मात्र वेगळीच तऱ्हा. सुरेखा तिन्हीसांजेला सुईत दोरा ओवून सगळ्यांना दाखवत सुटली. आक्कांचाही दोरा लाल, त्यांनाही दिसू लागलं. पण त्यांना त्याचं ना कौतुक ना काही. संध्याकाळच्या अंगणात बसायच्या, ते बसणंच त्यांनी सोडलं. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. पद्मीचं नाव तर त्यांच्या तोंडून वर्षभरात आलं नव्हतं. प्रभावतीला त्यांचा राग यायचा. म्हातारीनं नातीला किती सहज पुसून टाकलं, असं तिच्या मनात यायचं आणि ती दात-ओठ खायची.

दसऱ्याच्या सुमारास पुन्हा कंदील लागला. लाल दोऱ्याच्या सगळ्यांना लवकर दिसलं, एकट्या प्रभावतीला सोडून; पांढऱ्या दोऱ्याच्या होत्या तिथंच, त्यांनाही त्या दिवसापासून पाला. डॉक्टर बुचकळ्यात पडला. मेहमुदा मात्र हात धुवायला म्हणून मागच्या दारी गेली, तर आंबोणाच्या पाटीत लाल दोरा.

"ताई, पुडी म्हशीला व्हय?" तिनं हळूच विचारलं.

प्रभावतीला खोटं बोलता येईना. गोठ्याच्या भिंतीला टेकून तिनं सगळं सांगितलं. आजवर कुणालाच न सांगितलेलं, ते एका अत्तरवाल्याच्या लेकीला सांगताना तिचा स्वर एकदाही हलला नाही.

मेहमुदा हसली नाही. "रोज दिसती?"

"रोज."

"माझा भाऊ म्हणतो, पोटातलं लेकरू आईकडनंच डोळ्याचं बळ घेतंय. आईकडंच नसलं तर ते कुठनं आणील? त्यानं बघितल्यात तसली पोरं. बुब्बुळ कोरडं पडतंय, मग पांढरं हुतंय, आन मग दिवसाबी दिसत न्हाय." तिनं तो लाल दोरा पाटीतून उचलला. "तू हेच कर, असं मी न्हाय म्हणत. माझं एक बी लेकरू जगलं न्हाय. मला असं कोण रोज दिसलं असतं, तर म्या पुडी घेतली असती काय? ठावं न्हाय मला."

भावाला तिनं एवढंच सांगितलं, की प्रभावतीची पुडी पोटात जात नव्हती, आता जाईल का ते तिच्यावर सोड.

त्या संध्याकाळी पद्मी पायरीवर बसली होती. प्रभावती पहिल्यांदाच उंबऱ्यातून उठली, चाचपत जाऊन तिच्याशेजारी बसली. शेजारी गार दगड तेवढा होता, पण डोळ्यांना लेक दिसत होती.

"पद्मे, तुझ्या पाठीवर येतंय कोनतरी," ती म्हणाली. "त्याला ही पायरी दिसाय पायजे. तुला कळतंय न्हवं?"

पद्मीनं पाय हलवायचे थांबवले. मग पुन्हा हलवू लागली. लहान पोराला काय कळणार, आणि काय कळत नाही?

सकाळी प्रभावतीनं पुडी सोडली, तुपात कालवली आणि डोळे मिटून गिळली. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. संध्याकाळी ती उंबऱ्यात बसायची आणि लेकीला जाताना बघायची. आधी पाय गेले, मग हात. हसरं तोंड सगळ्यात शेवटी राहिलं, पाण्यावरच्या उन्हासारखं, आणि दिवाळीच्या तोंडावर एके दिवशी तेही आलं नाही.

त्या संध्याकाळी सगळं दिसत होतं. म्हशीचं रवंथ करणारं तोंड, चिंचेची पानं, कुंपणावरचा दोर. पायरीवर कुणी नव्हतं. गेल्या साली गावानं पद्मीला मूठमाती दिली तेव्हा प्रभावतीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आज ती पदर तोंडात कोंबून रडली.

मागं पावलं वाजली. आक्का बाहेर आल्या आणि किती दिवसांनी तिच्याजवळ बसल्या.

"लागलं दिसाय?"

"व्हय, आत्ती."

आक्कांनी पायरीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मला बी दिसायची ती."

प्रभावतीनं मान वळवली.

"रोज दिसायची. दोन दिस पुडी हातात धरून बसलो हुतो मी, तोंडात जाईना. मग म्हटलं, सून दोन जिवांची हाय, भिंत चाचपत चालतीया, रातीअपराती कळा लागल्या तर घरात एक तरी डोळस बाई पायजे. म्हणून तुझ्या आधी सोडली तिला."

प्रभावतीनं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. आक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि आत सुरेखा सांजेचा कंदील पुसत होती.