खिशातला बोल्ट

बुधवार, अकरा फेब्रुवारी. सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी: बोल्ट एक, नट एक, वॉशर दोन.

सरांनी वर्तमानपत्र खाली केले आणि त्या वस्तूंकडे पाहिले. बोल्ट आठ मिलिमीटरचा, न गंजणाऱ्या पोलादाचा. नट त्यावर अर्धवट फिरवलेला. साबणाच्या पाण्याने तो नव्यासारखा चकाकत होता.

"हे कुठून आलं?"

त्यांच्या पत्नी, ज्यांना सारी गल्ली काकू म्हणत असे, धुण्याची बादली घेऊन जिन्याकडे निघाल्या होत्या. त्या वळल्याही नाहीत. "तुमच्या कालच्या शर्टाच्या खिशातून. बरं झालं, हाताला लागला. मशीनमध्ये गेला असता तर मशीनचे बारा वाजले असते, आणि बोलणी मीच खाल्ली असती."

एवढे बोलून त्या गच्चीकडे गेल्या.

खिशातून. सर त्या एका शब्दापाशीच अडकले. एकतीस वर्षे त्यांनी तांत्रिक शाळेच्या कार्यशाळेत मुलांना शिकवले होते. मुलांनी त्यांचे नाव 'मिलिमीटर' ठेवले होते आणि ते त्यांना ठाऊक होते. त्यांच्या कार्यशाळेत प्रत्येक यंत्राशेजारी पत्र्याची एक ताटली असे. उघडलेला प्रत्येक स्क्रू, प्रत्येक नट त्या ताटलीत जायचा. खिशात काही ठेवलेले आढळले, तर त्या मुलाला दिवसभर फरशी झाडावी लागे. "खिसा म्हणजे विसरण्याची जागा," असे ते दर सत्राच्या पहिल्या तासाला सांगत. आता त्यांच्याच खिशातून बोल्ट निघावा, म्हणजे परीक्षकाच्या बाहीतून कॉपीची चिठ्ठी निघण्यासारखे होते.

पण हा बोल्ट कशाचा?

त्यांनी मागचा आठवडा क्रमाने आठवायला सुरुवात केली. गच्चीवर सौर पॅनेल दहा. पॅनेलांखाली गेल्या महिन्यापासून खारींचा संसार. खारींनी तारांचे आवरण सात ठिकाणी कुरतडले होते. सरांनी आरसा आणि विजेरी घेऊन सातही जागा शोधल्या, त्यांवर चिकटपट्टी गुंडाळली आणि वहीत नोंद केली. पूर्वेच्या कोपऱ्यात खोलवर एक घरटे होते, तिथे त्यांचा हात पोहोचत नव्हता. मग त्यांनी पाच सकाळी खुर्ची टाकून पहारा केला. रोज दोन खारी बाहेर पडत आणि दोनच आत जात. निष्कर्ष सरळ होता. काल दोन्ही बाहेर पडताच त्यांनी पॅनेलांच्या चारही बाजूंनी बारा मिलिमीटर चौकटीची तारेची जाळी लावली. क्लिपा एकशे बेचाळीस.

संध्याकाळी काकू म्हणाल्या होत्या, "ती एक खार सारखी जाळीवर आपटतेय. बघवत नाही हो."

"घर बदलायला वेळ लागतो. दोन बाहेर पडल्या, आत शून्य. हिशेब स्पष्ट आहे."

"शेपट्या मोजल्यात. पोट बघितलंत का तिचं?"

जीवशास्त्र हा सरांचा विषय नव्हता.

आता त्यांना कोपरा आठवला. पूर्वेचाच कोपरा. तिथे जाळी सपाट बसत नव्हती, कारण मध्ये अर्थिंगची हिरवी-पिवळी तार येत होती. पॅनेलांच्या सांगाड्यात चुकून वीज उतरली, तर ती जमिनीत नेऊन सोडणारी ती एकमेव वाट. त्यांनी तिचा बोल्ट सोडवला, जाळी मागून सरकवली, आणि बोल्ट ताटलीत टाकायला वळले, तर ती बाहेरची खार ताटलीवरूनच धावत गेली. क्लिपा गच्चीभर पसरल्या. बोल्ट हरवू नये, म्हणून केवळ त्या क्षणापुरता, त्यांनी तो खिशात टाकला. मग क्लिपा गोळा केल्या. एकशे एक्केचाळीस भरल्या. एक कमी. ती एक क्लिप शोधण्यात अर्धा तास गेला. शेवटी ती पन्हाळीच्या तोंडाशी सापडली, तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की सगळ्या क्लिपा लावून, वहीत 'संख्या पूर्ण' लिहून, खाली रेघ मारून ते जेवायला उतरले.

क्लिपा मोजल्या होत्या, कारण त्या लावायच्या होत्या. काढलेली वस्तू यादीत नव्हतीच.

सर उठले. आतल्या खोलीच्या भिंतीवर इन्व्हर्टरचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता. तो जळणारच. वीज जमिनीकडे झिरपू लागली, तरच तो लाल होतो. झिरपायला वाटच उरली नाही, तर त्या यंत्राला कळणार कसे? आणि धुणे वाळत घालायची लोखंडी तार? तिचे एक टोक पॅनेलांच्या सांगाड्याच्या पायाला बांधलेले होते. ती गाठ स्वतः सरांनी चार वर्षांपूर्वी मारली होती.

जिन्याला बावीस पायऱ्या होत्या. रोज ते मोजत. आज मोजल्या नाहीत.

गच्चीच्या दाराशी काकूंच्या रबरी चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. गच्ची नुकतीच धुतलेली होती. काकू ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या होत्या आणि दोन्ही हातांत पिळलेली चादर धरून तारेकडे वळत होत्या. चादरीचे टोक आणि तार यांत वीतभर अंतर असेल.

सरांना ओरडायचे होते. घशातून निघाला तो मात्र कार्यशाळेतला जुना, सपाट आवाज.

"काम बंद. हात मागे."

काकूंचे हात जागच्या जागी थांबले. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात या आवाजात त्यांच्याशी कोणी बोलले नव्हते.

"मी काय तुमच्या वर्गात बसले आहे का?"

"चादर खाली टाक. तशीच. आता दोन पावलं मागे ये. कशालाही हात लावू नकोस."

"धुतलेली चादर फरशीवर टाकू?"

"टाक."

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून काकूंनी चादर सोडली. त्या दाराशी आल्या तेव्हा सरांनी त्यांचे मनगट इतके घट्ट धरले की बांगडी रुतली.

"अहो, झालंय तरी काय? पांढरेफटक पडलात."

"त्या तारेला आज हात लावला होतास?"

"मघाशी पुसली की. आठ वाजता. चपला होत्या पायात, मग गच्ची धुतली, त्या निसरड्या झाल्या म्हणून काढल्या." काकू क्षणभर थांबल्या. "पुसताना बोटांना मुंग्या आल्यासारखं झालं. म्हटलं, वय झालं. रात्री हात अंगाखाली आला असेल."

सर दाराच्या उंबऱ्यावरच बसले. काकू त्यांच्या शेजारी बसल्या आणि दोघेही त्या तारेकडे पाहत राहिले. रिकामी, स्वच्छ पुसलेली, उन्हात चमकणारी तार होती ती.

मग सर खाली गेले. मल्टिमीटर आणला, रबरी हातमोजे आणले. मीटरचे एक टोक नळाच्या पाइपला लावले, दुसरे जाळीला. आकडा स्थिरावला: एकशे चौऱ्याण्णव व्होल्ट. त्यांनी टोके काढली, पुन्हा लावली. एकशे चौऱ्याण्णव. जाळीची प्रत्येक क्लिप त्यांनी स्वतः आवळून बसवली होती, म्हणून जाळीचा सांगाड्याशी संपर्क उत्तम होता. चार बाजूंनी, कोठेही खंड न पडता.

"हे तुम्ही लावलंत की खारींनी?" काकूंनी विचारले. चेष्टेचा प्रयत्न होता.

"मी. खारींनी तार कुरतडली असेल, आठव्या ठिकाणी. बाकी सगळं मी."

त्यांनी फोन करून आपल्या जुन्या विद्यार्थ्याला बोलावले. तो आता पन्नाशीचा, टक्कल पडलेला, आसपासच्या तीन वस्त्यांचा वायरमन होता. वीस मिनिटांत तो आला, मीटरचा आकडा पाहिला आणि त्याने डोक्यावरून हात फिरवला.

"सर, मेन स्विच पाडू?"

"पाड. पण उन्हाला स्विच नसतो. पॅनेलं झाकावी लागतील."

दोघांनी हातमोजे घालून दहाही पॅनेलांवर जाड ताडपत्री ओढली आणि पॅनेलांना एकमेकांशी जोडणाऱ्या तारा सोडवल्या. मग पूर्वेचा कोपरा. सरांनी एकेक क्लिप काढून ताटलीत टाकली. नऊ क्लिपा निघाल्यावर जाळी दुमडली. वायरमन पोटावर आडवा झाला, हात खांद्यापर्यंत आत घातला, आणि थबकला.

"सर, आत काहीतरी उबदार आहे."

घरटे अखंड बाहेर आले. सुतळीचे तंतू, कापूस, आणि गेल्या थंडीत हरवलेल्या सरांच्या कानटोपीची राखाडी लोकर. त्या लोकरीत पिल्ले तीन. डोळे मिटलेले, अंगठ्याएवढी. घरटे होते त्या जागी, तळाशी, तार होती. करंगळीच्या पेराएवढे तांबे उघडे पडले होते आणि ते जाळीच्या आत सरकलेल्या कडेला टेकले होते. पिल्ले त्यापासून दोन बोटांवर झोपली होती.

काकू खाली वाकल्या. "हे तुमचं शून्य," त्या म्हणाल्या.

पाच सकाळी पहारा, आरसा, विजेरी, वही; आणि एवढ्या मोजदादीतून एका सकाळी किती जीव निसटणार होते, ही संख्या सरांना आताच मांडता येत होती. चार. त्यांतला एक जीव वाकून पिल्लांभोवती लोकर सारखी करत होता.

पिल्ले बुटांच्या खोक्यात, त्याच लोकरीत ठेवून खोके कठड्यावर ठेवले. सगळे दारामागे सरकले. खार आली. एकेकाची मान पकडून तिने तिन्ही पिल्ले शेजारच्या झाडावर नेली. नंतर ती चौथ्यांदाही आली, रिकाम्या खोक्यात डोकावली आणि गेली.

"बघा," काकू म्हणाल्या. "मोजून खात्री करायला परत आली."

वायरमनने तार बदलली, जाळी पुन्हा बसवली, धुण्याची तार सांगाड्यावरून सोडवून भिंतीतल्या खुंटीला बांधली. मग अर्थिंगच्या तारेचे टोक हातात धरून त्याने मागे पाहिले.

"सर, बोल्ट?"

सरांनी ताटली पुढे केली. बोल्ट एक, नट एक, वॉशर दोन.

"कोणाला फरशी झाडायला लावायची?" वायरमनने हळूच विचारले.

"मला झाडू आणून दे," सर म्हणाले. "खाली जिन्यामागे आहे."

वायरमन हसला, सर हसले नाहीत. बोल्ट आवळला गेला, ताडपत्री निघाली, सर्व जोडण्या पूर्ण झाल्या, पॅनेलांवर ऊन पडले. काकू फरशीवरची चादर उचलून पुन्हा धुवायला निघाल्या होत्या, पण दारातच थांबल्या. चपला त्यांनी पायांत घातल्या होत्या.

सरांनी मीटरचे एक टोक पाइपला लावले, दुसरे जाळीला. चारही बाजूंना, प्रत्येक बाजूला तीन वेळा. मग वहीत कालची 'संख्या पूर्ण' ही ओळ खोडली आणि खाली लिहिले: अकरा वाजून बावन्न मिनिटे, वाचने बारा, प्रत्येक वाचन शून्य व्होल्ट.