वीस, अकरा, पाच, त्रेसष्ट

मी दोन कोटी एक लाख दहा हजार पाचशे त्रेसष्ट बोलतोय. दमलात ना? म्हणूनच माझं नाव कोणी पुरतं घेत नाही.

मला जन्म नाही. एकात एक मिळवत बसला असतात, तर कधी ना कधी मी भेटलोच असतो. पण घर मिळालं ते या उन्हाळ्यात, धंतोलीच्या एका दवाखान्यात. कुसुमताईंच्या छातीतली गाठ काढून तपासायला पाठवली, तेव्हा बाटलीवर आणि त्यांच्या फाइलवर मला चिकटवलं.

त्यांचे यजमान देवराव म्हणजे खापा गावचे, गणिताचे निवृत्त मास्तर. वाट पाहणाऱ्याला काहीतरी चाळा लागतोच. त्यांनी माझ्या दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडून बेरीज केली. "नव्व्याण्णव! म्हणजे नव्व्याण्णवनं पुरा भाग जाते. नंबर शुभ आहे वं!" शुभबिभ काही नसतं हो. पण इतक्या मायेनं मला कोणी सोडवलं नव्हतं. माझे अंक ते विसरले, नव्व्याण्णव तेवढं लक्षात ठेवलं.

गुरुवारी निकाल आला. वॉर्डबॉय रामाजींनी मला मोठ्यानं वाचलं, "वीस, अकरा, शून्य पाच, त्रेसष्ट." कॉम्प्युटरवर काजल सिस्टर होती, इंग्रजी शाळेत शिकलेली. तिनं आधी 'त्रे' ऐकलं, तीन दाबला. मग 'सष्ट' ऐकून सहा दाबला. झालं! त्रेसष्टाचे छत्तीस. पडद्यावर आलं ते तिनं नंबरासकट चिठ्ठीवर उतरवलं: कॅन्सर.

देवराव चिठ्ठी घेऊन खाटेशी बसले. सवयीनं त्यांनी अंकांची बेरीज केली. अठरा. नवानं भाग जातो, म्हणजे नंबर आपलाच. अहो मास्तर, अंकांची अदलाबदल झाली तरी ती बेरीज बदलत नाही! टेबलावरच्या फाइलवरून मी ओरडत होतो, पण माझं कोण ऐकतं?

कुसुमताईच डोळे पुसत म्हणाल्या, "अवो, तुमचं ते नव्व्याण्णव येऊन राहिलं का, पाहा बरं."

वीस, अकरा, पाच, छत्तीस. बहात्तर.

देवराव धावलेच. "सिस्टर, हा नंबर आमचा नाही! फाइल काढा!" खरा निकाल निघाला: साधी गाठ. मास्तर लेकरासारखे रडले. कुसुमताई हसल्या आणि मध्येच थांबल्या. "मंग हे छत्तीसवाली कोन वं, बाई?"

काजलची नजर समोरच्या खाटेकडे गेली. तिथं रुखमाबाई आमचा आनंद पाहून मनापासून हसत होती. सकाळीच तिनं आपला अर्धा चहा कुसुमताईंना दिला होता.

आता मी फाइलबरोबर कपाटात आहे. माझी विनंती एवढीच, की मला वाचाल तेव्हा एकेक अंक सुटा वाचा. सहा, मग तीन.

नव्व्याण्णवनं भागलं की माझी बाकी शून्य उरते, याचा मला फार तोरा होता. कुसुमताईंचा हिशेब वेगळा. त्या दर गुरुवारी खाप्याहून बसनं येतात, छत्तीससाठी डबा घेऊन.