हाडापासून सुटेपर्यंत

१. मांस ताकातून काढा. निथळू द्या.

तनयाने खांदा दोन्ही हातांनी वर उचलला तेव्हा पातेल्यातलं ताक गुलाबी झालेलं होतं. तिने तो लाकडी पाटावर टाकला आणि गोळी शिरली ती जागा बोटाने चाचपली. भोक लहान होतं, करंगळी जेमतेम जाईल एवढं. भोवतालचं मांस मात्र काळंनिळं झालेलं, रक्त साकळून जेलीसारखं लिबलिबणारं. सुरीचं टोक खाली रोखून तिने त्याभोवती मोठं वर्तुळ कापायला घेतलं.

हरीण मारलं होतं शेजारच्या ब्राउनरने. जर्मनीत, लुडविग्सहाफेनपासून पाऊण तासावर, जंगलाच्या कडेच्या या गावात शिकारीचा परवाना त्याच्याकडे होता. खांदा देताना त्याने तिच्या नवऱ्याकडे, सिद्धेशकडे, निरोप दिला होता की जखमेभोवतीचं मांस निर्दयपणे काढून टाक, पोरांच्या पोटात तर ते जाताच कामा नये. तिला हे सांगायची गरज नव्हती. ती एका पुनर्वसन रुग्णालयात आहारतज्ज्ञ होती. काय कोणाच्या पोटात जावं आणि काय जाऊ नये, हे लोकांना समजावण्यात तिचे दिवस जात.

"भेकराला ताकात बुडवणारी माणसं," खिडकीपाशी स्टुलावर बसलेले तिचे वडील, अण्णा, म्हणाले. "आता काय कढी करणार त्याची?"

"इथली जुनी रीत आहे, अण्णा. वास कमी होतो."

"वास गेला तर राहिलं काय? कुकरला लाव. पाच शिट्ट्या."

"याला चरबी नसते. कुकरमध्ये दोरखंड होतं त्याचं."

"म्हणजे आम्ही आजवर दोरखंड खाल्ले?"

"तुम्ही बोकड खाल्लेत."

अण्णा हसले. हसताना त्यांच्या मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या वर आल्या. साताऱ्याच्या तालमीत कमावलेली ती मान, एकेकाळी घरातली चार माणसं जिच्या वळण्याकडे लक्ष ठेवून जगली. गेल्या वर्षी अर्धं जठर काढल्यापासून सदऱ्याची कॉलर तिच्याभोवती नुसती लटकत होती. रक्त कमी, दात मोजके, अंगावरचं मांस उतरलेलं. त्यांना लोह हवं होतं, तेही शरीर चटकन उचलेल असं. प्रथिनं हवी होती आणि चरबी नको होती. थोडक्यात, हरीण हवं होतं. फक्त ते इतकं मऊ हवं होतं की चावावं लागू नये.

काढलेला काळा गोळा तनयाने कागदात गुंडाळला आणि कचऱ्यात टाकला.


२. हाडं सांध्यात तोडा. तेल धुरावेपर्यंत तापवा. मांस चारी बाजूंनी काळपट भाजा.

सुरा सांध्यावर दोनदा घसरला. तिसऱ्यांदा तिने तो डोक्याच्या वर नेऊन आणला. हाड कडाडलं आणि एक कपची उडून थेट फ्रिजवर आपटली.

"हळू," अण्णा म्हणाले. "ते मेलंय आधीच."

तेवढ्यात सिद्धेश वरच्या खोलीतून खाली आला. गुरुवारी तो घरूनच काम करायचा. कानातले हेडफोन त्याने गळ्यात ओढले होते, फोन हातात होता, आणि तो अण्णांकडे न बघता बोलत होता.

"तनया, जरा बाहेर ये."

"तेल तापलंय. इथेच बोल."

त्याने आवाज खाली आणला. स्वयंपाकघर एवढंसं, आवाज खाली आणून काही होणार नव्हतं.

"शाळेतून फोन होता. अन्वीच्या बाईंचा, फ्राउ लिंडेंचा. खेळाच्या तासाला अन्वीने कपडे बदलले, तेव्हा दंड दिसला. बोटांचे वळ आहेत म्हणाल्या. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला."

तनयाने पहिला तुकडा तेलात सोडला. चर्र झालं.

"अन्वी काय म्हणाली?"

"म्हणते, माहीत नाही. आठ वर्षांच्या पोरीला माहीत नाही!" त्याने एकदा, अगदी एकदाच, खिडकीकडे पाहिलं. "हे बघ, उद्या सकाळी आपल्याला बोलावलंय. त्याआधी काय झालं ते लिहून पाठवा म्हणाल्या. नाहीतर त्यांना युगेंडआम्टला, बालकल्याण खात्याला, कळवावं लागेल. लेकरं उचलून नेतात ती माणसं, माहितीये ना तुला? ऑफिसातल्या त्या तुर्की कलीगच्या शेजाऱ्यांचं काय झालं, सांगितलं होतं मी."

दुसरा तुकडा. तिसरा. तेल मनगटावर उडालं. तिने हात मागे घेतला नाही.

"मी तुला तेव्हाच म्हटलं होतं," सिद्धेश पुटपुटला. "अण्णांना तीन महिने ठेवून घेणं फार होतं. तूच सांगितलंस ना मला आईंच्या कानाचं?"

सांगितलं होतं. लग्नाआधी, फ्रँकफर्टच्या विमानतळावर, विमान उशिरा होतं म्हणून. एका रविवारी मटण हाडापासून सुटत नव्हतं आणि अण्णांनी हातातला पळा तसाच फिरवला होता. त्यानंतर आईला डाव्या कानाने कधी ऐकू आलं नाही. पाहुण्यांना लहानपणीचा ताप सांगितला जाई. आईच सांगायची, हसत, उजवा कान पुढे करून.

"मी विचारतो त्यांना," सिद्धेश म्हणाला.

"अन्वी आल्यावर विचार," तनया म्हणाली आणि तुकडे उलटू लागली. खालची बाजू जळाली होती.


(तिसरी पायरी राहिली. ती नंतर.)


४. कांदा, गाजर, मिरी, जुनिपरची चार फळं. वाइन. झाकण घट्ट. मंद आच. उघडून बघू नका.

ही आच फार मंद लागते. खांदा हा जनावराचा राबता भाग, आयुष्यभर पळालेला. त्याच्यात चिवट पांढरे पडदे असतात. घाईने शिजवलं तर ते आवळतात आणि मांसातलं पाणी पिळून काढतात. दुपारभर हळू तापत राहिलं तर मात्र तेच पडदे विरघळतात, रस्सा दाट करतात, ओठांना चिकटतात. तनया हे रुग्णांच्या नातेवाइकांना सांगायची तेव्हा तिचा आवाज मऊ असे. बळजबरी करू नका, हेही ती सांगायची. खाण्यावर बळजबरी केली की माणूस खाणं विसरतो आणि बळजबरी लक्षात ठेवतो.

घरभर वास भरला. बिडाचं जड पातेलं ओव्हनमध्ये ठेवून तिने ओटा पुसला. मग पुन्हा पुसला. फ्रिजवर हाडाच्या कपचीचा ओरखडा उठला होता, तोही घासला.

अन्वी आली तेव्हा तिने लांब बाह्यांचा स्वेटर घातलेला होता. दप्तर दारातच टाकून ती अण्णांच्या स्टुलाला टेकून उभी राहिली. त्या दोघांचं असंच चालायचं: ते मराठीत बोलत, ती जर्मनमध्ये उत्तर देई, आणि दोघांनाही सगळं कळल्यासारखं दिसे.

"ओपा, वास श्टिंक्ट हिअर झो?" आजोबा, इथे कसली घाण येतेय?

"भेकर शिजतंय," अण्णा म्हणाले. "तुझी आई त्यात दारू ओततेय. मी पाहिलंय."

सिद्धेश समोर येऊन उभा राहिला. त्याने हात खिशात घातले, काढले.

"अण्णा, एक विचारतो. राग मानू नका. अन्वीच्या दंडावर बोटांचे वळ आहेत."

अण्णांनी मान वर केली. जावयाकडे पाहिलं नाही. तनया ओव्हनचं दार उघडून, ज्याला हात लावायचा नव्हता ते झाकण काढून, पळ्याने रस्सा ढवळत होती. त्यांनी तिच्या पाठीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "मीच धरलं होतं."

पळा थांबला.

"का?" सिद्धेशने विचारलं.

"का म्हणजे? ऐकत नव्हती."

"ऐकत नव्हती म्हणून—"

"हात आहे माझा, जावईबापू. तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्या बायकोने सांगितलेलंच असणार. म्हातारा झाला म्हणून हाताचं वळण जातं होय?"

"इथे हा गुन्हा आहे, अण्णा! पोरगी जाईल आमची!"

"मग तिकीट बघा माझं."

अन्वीने तोंड उघडलं. "आबर, ओपा—" पण, आजोबा—

अण्णांनी तिच्या डोक्यावर तळवा ठेवला. "गप. मोठी माणसं बोलतायत."

तिने तोंड मिटलं आणि आईकडे पाहिलं. तनयाने झाकण पुन्हा लावलं. ओव्हनचं दार लावताना ते जरा जोरात आपटलं, तशी अन्वी दचकून अण्णांच्या मागे सरकली. सिद्धेशला ते दिसलं नाही. तो फोनवर विमानं शोधत होता.


३. मांस घरी आणल्याबरोबर ताकात घाला. वेळ दवडू नका.

त्याच आठवड्यातल्या सोमवारी संध्याकाळी अण्णा आणि सिद्धेश ब्राउनरच्या शेडवर गेले होते. घरात दोघीच होत्या. अन्वीने ताटातली पालकाची भाजी आधी ढकलली, मग चिवडली, मग तोंडात घेतली आणि ताटात थुंकली. तनया दिवसभर कोणाकोणाला खायला शिकवून आली होती.

तिने पोरीचा दंड धरला. धरला, आणि मग सोडला नाही. खुर्ची आडवी झाली. अन्वीला तिने टेबलापासून फ्रिजपर्यंत ओढत नेलं, एक पाय फरशीवर घासत होता. फ्रिजच्या दारावर दाबून धरलं आणि तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन ती ओरडली. काय ओरडली ते तिला नंतर आठवेना. आवाज मात्र आठवला. तो आवाज तिने साताऱ्याच्या घरात अंथरुणात डोक्यावर पांघरूण घेऊन ऐकला होता. अन्वीचं डोकं एकदा दारावर आपटलं. मग दुसऱ्यांदा आपटलं, आणि दुसऱ्यांदाचं आपोआप नव्हतं.

"मामा, एस टूट वे," अन्वी म्हणाली. आई, दुखतंय. रडत नव्हती. पहिल्या वेळी रडली होती, बऱ्याच महिन्यांपूर्वी.

दारात अण्णा उभे होते. सिद्धेश बाहेर गाडी लावत होता. अण्णांच्या हातात मांसाची पिशवी होती आणि तिच्या कोपऱ्यातून पायपुसण्यावर रक्त ठिबकत होतं. त्यांना सगळं दिसलं होतं. त्यांना दिसलंय हे तनयाला दिसलं.

तिची बोटं सुटली.

अण्णांचे ओठ हलले. त्या चेहऱ्यावर राग असता तर तिने ओळखला असता. रागाच्या सगळ्या तऱ्हा तिला पाठ होत्या. हे काहीतरी वेगळं होतं. बाजारात लांबून कोणीतरी येताना दिसावं आणि जवळ आल्यावर तो आरसा निघावा, तसे ते बघत राहिले.

"कुठे ठेवू हे?" ते म्हणाले.

"सिंकमध्ये," तनया म्हणाली.

जन्मभर या माणसाने एकही फटका कबूल केला नव्हता. आईच्या कानाचा नाही, भावाच्या दाताचा नाही. आई गेली त्या दिवशीसुद्धा तो बाहेरच्या माणसांना तापाचंच सांगत होता.


५. पळा लावून बघा. हाडापासून सुटलं की झालं.

सुटलं. नुसत्या स्पर्शाने हाड पांढरंशुभ्र बाहेर आलं. तनयाने अण्णांच्या ताटात दोन लहान तुकडे वाढले, भातावर रस्सा घातला. अन्वीला विचारलं, "देऊ?" अन्वीने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. तनयाने बळजबरी केली नाही. फक्त भात वाढला.

अण्णा चघळू लागले. डोळे मिटून, सावकाश.

"झालंय?"

"झालंय." थोड्या वेळाने म्हणाले, "तुझी आई असती तर म्हणाली असती, भेकराचं सोनं केलंस."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सिद्धेश लॅपटॉपवर टाइप करत होता. त्याचं ताट तसंच होतं. शनिवारचं तिकीट मिळालं होतं. त्याने शेवटची ओळ लिहिली आणि स्क्रीन तिच्याकडे वळवला.

"एकदा बघून दे. तुझं जर्मन बरं आहे. मग पाठवतो आणि संपवतो विषय."

तीनच ओळी होत्या. भेटीला आलेल्या आजोबांनी मुलीला रागाच्या भरात धरलं, आम्हाला अतिशय खेद आहे, ते शनिवारी मायदेशी परतत आहेत. नेमकं, नम्र पत्र. यानंतर कोणी काही विचारणार नव्हतं. उद्या नाही, कधीच नाही. पुढच्या वेळी कोणी विचारणार नव्हतं.

तिच्या बोटांना रस्सा चिकटला होता. तिने 'ग्रोसफाटर', म्हणजे आजोबा, या शब्दामागे कर्सर नेला आणि खोडायची कळ दाबली. अक्षरं शेवटाकडून एकेक करत गेली. वाक्यात एक मोकळी जागा उरली.

"काय चुकलं?" सिद्धेशने विचारलं.



अण्णांना जर्मन येत नव्हतं, पण त्यांचं चघळणं थांबलं. "तनया," ते म्हणाले. ज्या आवाजाने एके काळी अख्खं घर जागच्या जागी थिजे, तोच आवाज होता. फक्त आता त्याला श्वास पुरत नव्हता. "राहू दे. माझं काय, मी जाणारच आहे. हात जोडतो तुला, राहू दे."

सिद्धेश तिच्याकडे पाहत होता. मग सासऱ्यांकडे. मग पुन्हा तिच्याकडे, तिच्या उजव्या हाताकडे. त्याने खुर्ची मागे सरकवली, पण तो उठला नाही.

अन्वी मात्र कोणाकडेच पाहत नव्हती. तिने चमचा खाली ठेवला होता आणि मान लांब करून ती स्क्रीन बघण्याचा प्रयत्न करत होती. त्या टेबलावर ती भाषा सगळ्यात चांगली तिलाच वाचता येत होती.

तनयाने लॅपटॉप थोडा तिच्या बाजूला फिरवला. बोटं नॅपकिनला पुसली आणि पहिलं अक्षर दाबलं.

अन्वी वाचू लागली.